ग्रे घोस्टची थकबाकी

एखादा जुना नट चाळीतल्या खोलीत, औषधपाण्यालाही महाग झालेल्या अवस्थेत आहे अशी बातमी आली की आपल्याकडे ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, समाज कृतघ्न आहे, सरकार झोपलंय, ज्यांनी आपल्याला हसवलं-रडवलं त्यांची ही दशा! दुसरी म्हणते, चांगले दिवस होते तेव्हा उधळले, चार पैसे गाठीला बांधू नका असं कुणी सांगितलं होतं? गिरणी कामगार म्हातारा झाल्यावर त्याची बातमी कोण छापतं? तिसऱ्या दिवशी कुणीतरी धनादेश घेऊन जातं, शाल-श्रीफळासह फोटो निघतो आणि वाद मिटतो. त्या कलाकाराबद्दल पुढची बातमी बहुधा श्रद्धांजलीचीच असते. मला यात दोन्ही बाजू एकाच जागी घसरताना दिसतात. दोघी स्वभाव तपासत बसतात, एक समाजाचा आणि दुसरी कलाकाराचा. त्याने केलेलं काम आज कुणाच्या कपाटात आहे, त्यावर कोण कमावतंय, आणि त्याच्या अंगातलं कसब आज कुणाच्या उपयोगी पडेल का, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं असं की दुसरी संधी मिळते किंवा हुकते ती याच प्रश्नांवर. दया आणि कृतज्ञता यांचा तिच्याशी फार थोडा संबंध आहे. आणि हे मला सर्वांत नीट मांडलेलं सापडलं ते लहान मुलांच्या एका कार्टूनमध्ये.

‘बॅटमॅन: द अ‍ॅनिमेटेड सिरीज’ ही मालिका अमेरिकेत सप्टेंबर १९९२ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला तिचा ‘बिवेअर द ग्रे घोस्ट’ हा भाग दाखवला गेला. गॉथम शहरात कुणीतरी बॉम्बस्फोट घडवून खंडणी मागतंय. स्फोटांची पद्धत बॅटमॅनला ओळखीची वाटते, कारण लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून पाहिलेल्या ‘ग्रे घोस्ट’ नावाच्या मालिकेत अगदी असंच घडलं होतं. पण त्या भागात बॉम्ब पोचायचे कसे, हे त्याला आठवत नाही. मालिकेची रिळं केव्हाच गोदामाच्या आगीत जळून गेलीत. उरलाय तो फक्त ग्रे घोस्टचं काम करणारा नट, सायमन ट्रेंट. आणि ट्रेंटची अवस्था अशी की त्याला काम मिळत नाही, कारण जो तो त्याच्याकडे बघून म्हणतो, हा तर ग्रे घोस्ट! घरमालक भाड्यासाठी दार वाजवतोय. शेवटी ट्रेंट तो जुना पोशाखच उचलतो आणि खेळण्यांच्या दुकानदाराला विकून येतो. लहान मुलांच्या कार्यक्रमात इतका कोरडा, इतका व्यवहारी अपमान मी क्वचितच पाहिला आहे. रडारड नाही, मागे सनई नाही. एक माणूस आपली ओळख काउंटरवर ठेवतो आणि भाड्याचे पैसे खिशात घालतो, एवढंच.

बॅटमॅन त्याच्याकडे येतो तेव्हा काय म्हणतो, ते महत्त्वाचं. ‘तुमची अवस्था बघून वाईट वाटलं’ असं तो म्हणत नाही. विकलेला पोशाख त्याला परत मिळवून देतो खरा, पण मागणी एकच करतो: मला तुमची मदत हवी आहे. ट्रेंट आधी वैतागतो. त्या मालिकेचं नावही त्याला नको असतं. तरी स्वतःपाशी जपून ठेवलेली फिल्म तो काढून देतो, आणि तिच्यातून कोडं सुटतं: बॉम्ब येतात ते दूरनियंत्रणाने चालणाऱ्या खेळण्यातल्या मोटारींमधून. पुढे रस्त्यावर त्या मोटारी बॅटमॅनला घेरतात आणि वरून दोर सोडून त्याला वाचवतो तो पोशाख चढवलेला ट्रेंट. या भागावर ‘भाबडी स्मृतिरंजनाची गोष्ट’ असा शिक्का मारणाऱ्यांनी हा क्रम जरा पाहावा. ट्रेंटचं कौतुक होतं ते त्याने काम करून दाखवल्यावर. बॅटमॅनची गुहा ग्रे घोस्टच्या अड्ड्यावरून बेतलेली आहे, हे त्याला कळतं तेही त्यानंतर. आधी गरज, मग काम, मग मान. आपल्या सत्कार समारंभांत हा क्रम उलटा असतो आणि बहुतेक वेळा गाडी पहिल्याच स्टेशनावर, मानावर, थांबते.

या भागाला बोच आणणारी गोष्ट पडद्याबाहेरची आहे. ट्रेंटला आवाज दिला होता अ‍ॅडम वेस्टने. १९६६ ते १९६८ या काळात अमेरिकन दूरचित्रवाणीवर बॅटमॅन होता तो हाच वेस्ट. १२० भागांची ती रंगीबेरंगी, मुद्दाम थिल्लर केलेली मालिका घराघरांत पोचली, संपली, आणि वेस्ट तिच्याच पोशाखात अडकला. गंभीर भूमिकेसाठी कुणी बोलवेना. पुढची बरीच वर्षं त्याने मोटारींच्या प्रदर्शनांत, मेळ्यांत तोच पोशाख घालून हजेऱ्या लावल्या. १९८९ मध्ये बॅटमॅनचा मोठा चित्रपट आला तेव्हा भूमिका मायकल कीटनला मिळाली. १९९१ मध्ये वेस्टने दूरचित्रवाणीवर कधीकाळी गाजलेल्या आणि आता बाजूला पडलेल्या नटाची भूमिका एका विनोदी मालिकेच्या नमुना भागात केली. तो एकच भाग दाखवला गेला आणि मालिका काही निघाली नाही. आणि मग पुढच्याच वर्षी, त्याच्या मालिकेच्या नेमकं उलट्या, गडद सुरात बॅटमॅन सांगणाऱ्या लोकांनी त्याला बोलावलं आणि त्याच्या तोंडी त्याचीच कहाणी घातली. समोर नवा बॅटमॅन, केव्हिन कॉनरॉय, जुन्या बॅटमॅनला सांगतोय की तुम्ही माझे नायक होतात. हा सत्कारच म्हणा. पण भूमिका लिहून, मानधन देऊन, ध्वनिमुद्रणाच्या खोलीत उभं करून केलेला सत्कार.

आता समोरच्या बाजूचं ऐकू. त्यांचा पहिला मुद्दा भक्कम आहे: प्रेक्षक कुणाचं देणं लागत नाही. तिकीट काढलं, खेळ पाहिला, हिशेब संपला. आवडीनिवडी बदलतात, काल डोक्यावर घेतलेला आज कंटाळवाणा वाटला तर तो गुन्हा नाही. मला हे शंभर टक्के मान्य आहे. प्रेक्षकाला कृतघ्न म्हणणं हा आळशीपणा आहे, त्यातून कुणाचंही भाडं भरलं जात नाही. पण हिशेब खरोखर संपला का? १९५१चा ‘अलबेला’ त्या वर्षी चालला आणि थांबला, असं झालं का? त्यातली गाणी पुढे अर्धं शतक आकाशवाणीवर, लग्नाच्या बँडवर, गणपतीच्या मंडपात वाजत राहिली. भगवानदादांच्या नाचाची ढब नंतरच्या नायकांनी उचलली. खुद्द भगवानदादा या काळात जुहूचा बंगला आणि मोटारींचा ताफा गमावून दादरच्या चाळीत राहायला आले, आणि दुसऱ्यांच्या चित्रपटांत कोपऱ्यात उभं राहून त्याच नाचाची दोन पावलं टाकत राहिले. फेब्रुवारी २००२ मध्ये ते गेले. प्रेक्षकाचा हिशेब तिकिटापाशी संपला असेल, पण धंद्याचा चालूच होता. त्या धंद्याचे आजचे लाभार्थी कोण, हा प्रश्न ‘प्रेक्षक देणं लागत नाही’ या वाक्याने सुटत नाही.

‘पण त्यांनीच पैसे बुडवले ना?’ हा दुसरा मुद्दा. हो, बुडवले. भगवानदादांनी पुढच्या चित्रपटांत स्वतःचे पैसे ओतले आणि ते चित्रपट पडले. हाच माणूस कारखानदार असता तर आपण म्हटलं असतं, धाडसी होता, धंद्यात खोट आली. कारखाना बुडाल्यावर पुन्हा उभा राहणाऱ्याच्या मुलाखती आपण कौतुकाने छापतो. नटाचे पैसे बुडाले की ते ‘उधळले’ कसे होतात? आणि समजा खरंच उधळले, तरी काय? बस्टर कीटन हा मूकपटांच्या काळातला, चॅप्लिनच्या तोडीचा विनोदवीर दारूत बुडाला होता. १९३३ मध्ये एमजीएम या चित्रपट कंपनीने त्याला काढून टाकलं आणि त्यात दोष सगळा कंपनीचा नव्हता. पुढे त्याच कंपनीत तो मामुली पगारावर दुसऱ्यांच्या चित्रपटांसाठी विनोदी प्रसंग सुचवण्याचं काम करत होता, पडद्यावर नावही न येता. १९४९ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात जेम्स एजी या समीक्षकाने मूक विनोदपटांवर दीर्घ लेख लिहिला आणि लोकांना कीटन आठवला. कीटनच्या पूर्वीच्या बंगल्यात राहायला आलेल्या जेम्स मेसन या नटाला तिथे त्याच्या जुन्या चित्रपटांच्या प्रती सापडल्या. या प्रती सापडल्या नसत्या तर एजीचा लेख हा नुसता मृत्युलेख ठरला असता. चित्रपट पुन्हा दाखवले गेले, लोक पुन्हा हसले, आणि कीटनला दूरचित्रवाणीवर, जाहिरातींत, चित्रपटांत काम मिळू लागलं. १९६० मध्ये मानद ऑस्कर मिळालं. १९६६ मध्ये मरेपर्यंत तो काम करत होता. त्याच्या दारूचा कुणी निकाल लावत बसलं नाही. निकाल लागला तो पडद्यावर.

थेडा बाराचं नाव घेतलं तर आज कुणाच्या डोळ्यासमोर काय येतं? बहुतेकांच्या काहीच नाही. १९१०च्या दशकात ती अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या तारकांपैकी एक होती. चाळीसच्या आसपास चित्रपट तिने केले. जुलै १९३७ मध्ये न्यू जर्सीत फॉक्स कंपनीच्या गोदामाला आग लागली आणि तिचं बहुतेक सगळं काम राख झालं. ती त्यानंतर १९५५ पर्यंत जिवंत होती. तिला पुन्हा शोधून काढायला कुणी येणार तरी कसं? शोधायला काही उरलंच नव्हतं. कार्टूनमधली गोदामाची आग ही लेखकाची सोय नाही, तो चित्रपटधंद्याचा खराखुरा इतिहास आहे. आपल्याकडेही पुण्यात जानेवारी २००३ मध्ये सहज पेट घेणारी नायट्रेट फिल्म ठेवलेल्या गोदामाला आग लागली आणि प्रभातच्या काळातल्या जुन्या ठेव्याचं मोठं नुकसान झालं. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांतले आज पाहता येतात असे फारच थोडे. एखाद्या कलाकाराला ‘दुसरी संधी द्या’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी कधी त्याची पहिली संधी डब्यात शाबूत आहे का, याची चौकशी केली?

धनादेशवाल्या मंडळींनाही एक जोडी दाखवायला हवी. पॅरिसचा जॉर्ज मेलिएस आणि नाशिकचे दादासाहेब फाळके. मेलिएसने पाचशेच्या वर चित्रपट काढले, दिवाळं निघालं, आणि १९२३ मध्ये त्याने आपल्या निगेटिव्ह स्वतःच जाळल्या. मग मोंपारनास स्टेशनात खेळणी आणि मिठाई विकायला बसला. तिथे त्याला शोधून काढण्यात आलं, डिसेंबर १९२९ मध्ये त्याच्या मिळाल्या त्या चित्रपटांचा मोठा खेळ झाला, १९३१ मध्ये फ्रान्सचा सर्वोच्च सन्मान मिळाला, आणि पुढच्या वर्षी चित्रपटधंद्यातल्या निवृत्तांसाठी असलेल्या निवासात राहायची सोय झाली. गोष्ट गोड आहे. फक्त त्याच्या हाती कॅमेरा कुणी दिला नाही. फाळक्यांचंही तसंच. भारतीय चित्रपटसृष्टीच्या रौप्यमहोत्सवात शांतारामबापूंनी पुढाकार घेतला, पैसे जमले आणि नाशिकला घर झालं. त्यांना घर हवं होतंच, पण मनात होता चित्रपट. युद्धकाळात चित्रपट काढायला सरकारी परवाना लागे. सत्तरी ओलांडलेल्या फाळक्यांनी तो मागितला. फेब्रुवारी १९४४ मध्ये नकाराचं पत्र आलं आणि त्याच महिन्यात, १६ तारखेला ते गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार आपण पुढे १९६९ पासून द्यायला लागलो. घर मिळणं वाईट असं मी म्हणत नाही. डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसाला ‘तुला आधी काम देतो’ म्हणणं क्रूरपणाच आहे. पण घर देऊन आपण सुटलो असं समजायचं का?

तिसरा मुद्दा मला सर्वांत अवघड वाटतो, कारण तो तरुणांच्या बाजूने येतो. जागा मोजक्या आहेत. सत्तर वर्षांच्या नटाला परत आणलं की तिशीतल्या कुणाचं तरी काम जातं. आणि स्मृतिरंजनाची आज जी लाट आहे, जुन्या चित्रपटांचे दुसरे-तिसरे भाग, जुन्या नाटकांचं पुनरुज्जीवन, तिने नव्या लेखकाची आधीच कोंडी केली आहे. यात तथ्य आहे. ट्रेंटला पुन्हा तोच ग्रे घोस्ट करायला लावणं ही दुसरी संधी की पहिलीच शिक्षा लांबवणं, असा प्रश्न मलाही पडतो, आणि कार्टून इथे थोडं हुशारीने निसटतं. पण जागा मोजक्या आहेत हे गणित भूमिकांना लागू करताना जरा जपून. ललिता पवारांचं उदाहरण घ्या. चाळिशीच्या दशकात चित्रीकरणाच्या वेळी एक थप्पड जोरात बसली (ती मारणारे भगवानदादाच होते, हा योगायोग विलक्षण), चेहऱ्याला इजा झाली, डोळा बारीक झाला, नायिकेची कारकीर्द संपली. त्या परतल्या त्या कुठल्या तरुण नायिकेची जागा खायला नाही. त्यांच्या त्या डोळ्याने हिंदी चित्रपटाला खाष्ट सासूची एक अख्खी परंपरा दिली, १९५९च्या ‘अनाडी’तली मायाळू मिसेस डिसा दिली, १९८७ मध्ये घराघरांत पोचलेली मंथरा दिली. या जागा आधी रिकाम्या पडलेल्या नव्हत्या, त्या मुळात अस्तित्वातच नव्हत्या. चांगली दुसरी संधी बहुधा अशी असते, नवी भूमिका तयार करते. ट्रेंटही पडद्यावरचा नायक म्हणून बॅटमॅनच्या उपयोगी पडत नाही. तो उपयोगी पडतो ती मालिका आतून माहीत असलेला माणूस म्हणून.

एक घोळ जाता जाता निस्तरायला हवा. ‘दुसरी संधी’च्या नावाखाली हल्ली दोन वेगळे खटले एकत्र चालवले जातात. कुणी सहकाऱ्यांना छळलं, कुणी स्त्रियांशी गैरवर्तन केलं, आणि दोन वर्षांनी ‘परतायचा हक्क’ मागतो. हा माफीचा प्रश्न आहे आणि त्यात पहिला आवाज ज्यांना त्रास झाला त्यांचा. ट्रेंटने कुणाचं काही वाकडं केलेलं नाही. त्याचा गुन्हा एकच, तो एका भूमिकेत फार चांगला होता. या दोघांना एका रांगेत उभं केलं की दोन्ही वाद नासतात.

आता या भागातलं जे पात्र मला सर्वांत खरं वाटतं त्याच्याकडे येतो. टेड डायमर. बॉम्ब लावणारा तोच, खेळण्यांचा दुकानदार, ज्याने अडचणीतल्या ट्रेंटकडून वस्तू विकत घेतल्या. तोही ग्रे घोस्टचा चाहताच आहे! मालिका त्याला पाठ, म्हणूनच तर तिच्यातली युक्ती तो वापरू शकतो. खेळणी जमवण्याच्या नादात पैसे संपले म्हणून तो खंडणी मागतोय. म्हणजे एका नायकाचे दोन चाहते समोरासमोर आहेत. एकाला माणूस हवाय, दुसऱ्याला त्याच्या वस्तू. आपल्याकडे डायमर काही कमी नाहीत. जुनी पोस्टरं, तबकड्या, सह्या यांचा बाजार जोरात आहे. जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांना नाट्यगृहं भरतात. वाहिन्या जुन्या विनोदांचे तुकडे करून रोज टाकतात आणि त्याखालच्या जाहिरातींवर कमावतात. हे सगळे स्वतःला रसिक म्हणवतात आणि असतीलही. पण ज्या नटाचा तो तुकडा आहे त्याच्या घरी त्यातलं काय पोचतं?

इथे कार्टूनही गोड खोटं बोलतं. शेवटी ट्रेंटने जपलेल्या प्रतींमुळे मालिका व्हिडिओवर पुन्हा येते, ट्रेंटभोवती गर्दी जमते आणि ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्याबाहेरचा बॅटमॅन, सही घ्यायला येतो. प्रत्यक्षात वेस्टची मालिका नीट, अधिकृतपणे घरी पाहण्यासाठी विक्रीला आली नोव्हेंबर २०१४ मध्ये. ती बनवली एका कंपनीने आणि पात्रं दुसरीच्या मालकीची, या हक्कांच्या गुंत्यात बावीस वर्षं आणखी गेली. तेव्हा वेस्ट ८६ वर्षांचा होता. जून २०१७ मध्ये तो गेला. ट्रेंटला एक अब्जाधीश चाहता भेटला. बाकीच्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी उत्तर कंटाळवाणं आहे: करार. १९६० मध्ये अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेने संप केला. अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले. त्या संपातून असं ठरलं की यापुढचे चित्रपट दूरचित्रवाणीला विकले तर नटांना त्यातला वाटा मिळेल. आधीच्या चित्रपटांवर मात्र पाणी सोडावं लागलं. त्याबदल्यात निवृत्तिवेतन आणि आरोग्य योजनेसाठी एकरकमी पैसे आले. आपल्याकडे २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला आणि कलाकारालाही त्याच्या सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरावर वाटा दिला. कायदा आहे. पण मालिकेत छोटी भूमिका करणाऱ्या नटाने कराराच्या शेवटच्या पानावरचं ते कलम वाचून वाटा मागितला, तर पुढच्या मालिकेत त्याला बोलावणार कोण, हा प्रश्न ‘सरकार झोपलंय’ म्हणणाऱ्यांच्या लेखात मी अजून पाहिलेला नाही.

म्हणून पुढच्या वेळी अशी बातमी आली आणि एखाद्या वाहिनीने त्या वृद्ध कलाकाराला आपल्या मंचावर आणून, मागे हळवी बासरी लावून, परीक्षकांना रडवलं, तर मला रडायचं नाही. मला त्या वाहिनीला विचारायचंय की आजच्या भागाचं मानधन तुम्ही त्यांना किती दिलंत, त्यांच्या जुन्या कामाचे हक्क तुमच्याकडे आहेत का, असतील तर गेल्या वर्षी ते काम किती वेळा दाखवलंत, आणि पुढच्या मालिकेत त्यांच्यासाठी काय लिहिताय?